वृत्तबाब

गोव्यात नाटककार शोधायला जावे लागत नाही. देऊळ आहे तिथे जत्रा आहे, जत्रा आहे तिथे नाटक आहे, आणि नाटक आहे तिथे ते 'आपल्याच गावच्या' माणसाने लिहिलेले असण्याची भीती आहे. यातले बहुतेक लेखक निरुपद्रवी असतात. दोन भाऊ, एक घर, एक कपटी मेहुणा, तिसऱ्या अंकात सासूला पश्चात्ताप, पहाटे चारला पडदा. प्रेक्षक रडून मोकळे होतात आणि लेखक दुसऱ्या दिवशी नोकरीवर जातो. पण दर चार-पाच गावांमागे एक असा निघतोच, ज्याला गद्य सोसत नाही. त्याच्या नाटकातले पात्र तहान लागली म्हणून पाणी मागत नाही. 'प्राण'ला 'आण' जुळेपर्यंत त्याला तहानच लागत नाही.

मुरगाव तालुक्यात अशा गृहस्थांचे पीक बरे आहे. सडा, बोगदा, बायणा, मंगोर हिल, दाबोळी, कुठेही जा, एखादा भेटतो. हे चित्र कुणा एकाचे नाही. भेटलेल्या सगळ्यांची गोळाबेरीज आहे. आमच्या तबलजीने या सर्वांना मिळून एकच नाव ठेवले आहे, वृत्तबाब. गोव्यात कवीला बाब लागतोच. बोरकरांचे बाकीबाब झाले तेव्हापासून कुणी चार ओळी जुळवल्या की शेजारी त्याला बाब म्हणू लागतात. काही आदराने, काही लवकर सुटका व्हावी म्हणून.

वृत्तबाब मूळचे मुरगावचे नसतात. आधी बंदर आले, रेल्वे आली, मग गोवा शिपयार्ड आले, १९७३ साली झुआरीचा खत कारखाना आला, आणि प्रत्येक भोंग्याबरोबर कुठून कुठून माणसे येत गेली. बाब आले पेडण्याहून. पेडणेकराला जन्मतःच दोन वारसे मिळतात. पहिला संतकवी सोहिरोबानाथ आंबियांचा. त्यांचे घराणे पालयेचे, त्यामुळे बाब त्यांचा उल्लेख 'आमच्या बाजूचे' असा करतात आणि मध्ये अडीचशे वर्षे गेली आहेत हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ देत नाहीत. दुसरा वारसा दशावताराचा, आणि खरे दुखणे तिथले आहे.

दशावतारी नाटकाला संहिता नसते. कुठले आख्यान लावायचे ते संध्याकाळी ठरते, रंग लावता लावता कोण काय बोलणार याची चार वाक्यांत वाटणी होते, आणि मग मध्यरात्री गणपती, संकासूर वगैरे होऊन गेल्यावर राजा जो बोलायला लागतो तो पूर्व उजळेपर्यंत थांबत नाही. सगळे ऐन वेळचे. मागे हार्मोनियम, पखवाज, झांज, आणि पदांचा भार वाहणारा नाईक. म्हणजे ज्या भूमीत नाटक रोज होते पण नाटककाराची गरज कुणालाच पडत नाही, त्या भूमीत या मुलाला नाटककार व्हावेसे वाटले. मला हा त्यांच्या चरित्रातला सर्वांत नाट्यमय प्रसंग वाटतो. पुढचे सगळे त्यातून आले. बोलीभाषेत आपसूक बोलणाऱ्या नटाचा त्यांनी जन्मभर सूड घेतला आणि सुडाचे हत्यार होते शार्दूलविक्रीडित.

नोकरी मुरगाव पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्कची. (पोर्ट ट्रस्टला आता प्राधिकरण म्हणतात. बाब म्हणत नाहीत. तो शब्द त्यांच्या कुठल्याच वृत्तात बसलेला नाही.) डिचोली-साखळीकडच्या खाणींचे खनिज मांडवीतून बार्जांनी खाली यायचे, बंदरात जहाजे ओळीने उभी, आणि धक्क्यावर बाब हातात पाटी घेऊन माल मोजत. दिवसा पोती, रात्री मात्रा. दोन्ही हिशेबांत त्यांची चूक कधी निघाली नाही. चूक निघायची ती दोन्ही एकाच कागदावर असल्यामुळे. एकदा साहेबाला सायंकाळच्या पत्रकात पोत्यांच्या बेरजेखाली द्रौपदीचा आक्रोश सापडला होता म्हणतात.

त्यांचा कान मात्र कुणाला न मिळालेला. बोलताना एखादे वाक्य चुकून वृत्तात पडले की ते मध्येच थांबतात, डोळे मिटतात, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो आणि चेहऱ्यावर, बिलावर सूट मिळालेल्या माणसाचा आनंद पसरतो. वास्कोच्या मासळी बाजारात मी हे जवळून पाहिले आहे. बाब एका पाटीसमोर वाकले आणि सहज म्हणाले, "मला दे जरा बांगडे चार ताजे." म्हणाले आणि ताठ झाले. माझा दंड धरला. "भुजंगप्रयात! पाहिलेस? शुद्ध भुजंगप्रयात." मासळीवाली सुरी हातात घेऊन या भुजंगाकडे पाहत होती. "शंबराक चार. घेतात जाल्यार घेयात, उलोवपाक म्हाका वेळ ना." बाब खिन्न झाले. भाव जास्त होता म्हणून नव्हे; उत्तर गद्यात आले म्हणून.

घरी वहिनी. वहिनी संपूर्ण गद्य आहेत आणि त्यामुळेच ते घर चालले. नाटकाच्या वाचनाला आलेल्यांना उंडो आणि पातळ भाजी देताना त्या फक्त एवढेच विचारतात, "कितवा अंक?" उत्तरावरून दुसरा चहा टाकायचा की नाही ते ठरते. बाबांविषयी एकदाच त्या माझ्याजवळ बोलल्या: "यांना यमक सापडते हो, घराची चावी सापडत नाही."

कुणी किर्लोस्करांचे नाव काढले की बाब डोंगरीच्या कृष्णंभट बांदकरांना पुढे करतात. अण्णासाहेबांचे 'शाकुंतल' पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगभूमीवर आले. बांदकरांनी संगीत नाटक त्याच्याही आधी केले, असा गोव्याचा जुना आणि लाडका दावा आहे. 'नटसुभद्राविलास'चे नाव ते असे घेतात की जणू कालच तालीम पाहून आले आहेत. पुण्याने आपल्याला शंभर-सव्वाशे वर्षे उशिरा ओळखले तरी चालेल, ही तयारी त्यांनी या उदाहरणावरूनच केली असावी.

आता त्यांच्या मुख्य कृतीकडे येतो.

मुरगाव बंदरात दुसऱ्या महायुद्धात एक प्रकरण घडले होते. युद्ध पेटल्यावर 'एरेनफेल्स' आणि आणखी दोन जर्मन जहाजे, शिवाय एक इटालियन, तटस्थ पोर्तुगीज हद्द म्हणून इथे आश्रयाला येऊन थांबली. 'एरेनफेल्स'वरून पाणबुड्यांना बिनतारी खबरी जातात असा इंग्रजांचा संशय. तटस्थ बंदरात आरमार घुसवता येईना, म्हणून त्यांनी कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या स्वयंसेवक पथकातले पोक्त लोक गोळा केले. दिवसा कचेऱ्यांत बसणारे, पोट सुटलेले, बंदूक शेवटची कधी धरली ते आठवावे लागेल असे. 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून ते आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री, कार्निव्हलच्या ऐन शेवटच्या रात्री, जहाजावर चढले. कॅप्टन मारला गेला, जर्मनांनी जहाज आपल्या हातांनी बुडवले, पाठोपाठ बाकीच्यांनीही आपापली जहाजे बुडवली. १९८० साली यावर 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट आला, ग्रेगरी पेक आणि रॉजर मूर यांचा.

बाबांचे म्हणणे असे की, हॉलिवूडने या विषयाची माती केली. सबंध चित्रपटात एक दिंडी नाही.

म्हणून ते नाटक लिहायला बसले. तीन अंक, नांदी, सूत्रधार-नटी, आणि जर्मन, इंग्रज, पोर्तुगीज या तिन्ही राष्ट्रांच्या तोंडी मराठी वृत्ते. पहिली अडचण नायक कोण, ही. इंग्रजाला नायक केले तर प्रेक्षक बसून राहणार नाहीत. जर्मनाला केले तर हिटलर आडवा येतो. बाबांनी बुडणारा तो नायक असा काव्यशास्त्राला धरून निर्णय दिला. देवस्थान समितीत कुरकुर झाली तेव्हा त्यांनी मध्ये एक स्थानिक होडीवाला घातला, म्हणजे देशाभिमानाची सोय झाली. मग अध्यक्ष म्हणाले, जत्रेचे नाटक आहे, देव कुठे आहे? वास्कोत दामोदर. श्रावणातला त्याचा सप्ताह अख्ख्या गोव्याला ठाऊक, चोवीस तास अखंड भजन. तेव्हा दुसऱ्या अंकात होडीवाल्याच्या स्वप्नात देव येऊन त्याला टॉर्पेडोचा इशारा देतो असे ठरले. टॉर्पेडो या शब्दाला बाबांनी 'जलबाण' योजला. आमचा तबलजी मिशीत हसला, पण जलबाण मात्रेत चोख बसतो, त्यामुळे त्याचे काही चालले नाही.

जर्मन कॅप्टनच्या तोंडचे पद बाब स्वतःची सर्वोत्तम रचना मानतात. तेवढे इथे देतो, कारण ते देणार नाही असे म्हटल्यास ते मला भेटायचे थांबणार नाहीत:

बुडालो तरी ना नमे मी कुणाला,
अरे इंग्रजांनो, चला जा घराला!

याही वेळी भुजंगप्रयात. मोजून पाहा, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

वाचन संपले तेव्हा खजिनदाराने सरळ प्रश्न केला, "बाब, पद्यात नाटक आता जगात कोण लिहितो?" बाबांची बाजू सावरावी म्हणून मी म्हणालो, विलायतेत ख्रिस्तोफर फ्राय लिहीत होते.

"कसले फ्राय?" खजिनदार म्हणाला. "मोरी?"

मग मला सगळे सांगावे लागले. फ्राय १९०७ साली ब्रिस्टलला जन्मले. शाळामास्तर झाले, मग छोट्या नाटक कंपन्या चालवल्या. महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला. आणि त्यांचे सुरुवातीचे एक पद्य नाटक, 'द बॉय विथ अ कार्ट', १९३८ साली ससेक्समधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या सोहळ्यासाठी लिहिलेले. एका संताची गोष्ट, जो म्हाताऱ्या आईला गाड्यावर घालून हिंडतो आणि शेवटी चर्च बांधतो.

"म्हणजे जत्रेचे नाटक," बाब म्हणाले. इतका वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते, ते माझ्याकडे वळले.

त्यांचे चुकले नव्हते. त्याच्या तीनच वर्षे आधी टी. एस. एलियट यांनी 'मर्डर इन द कॅथीड्रल' लिहिले तेही कँटरबरीच्या कॅथीड्रलच्या उत्सवासाठी. विसाव्या शतकातले इंग्रजी पद्य नाटक पुन्हा उभे राहिले ते देवाच्या अंगणात. लंडनच्या तिकीटबारीला त्याचा पत्ता मागाहून लागला. फ्राय यांचे 'द लेडीज नॉट फॉर बर्निंग' १९४८ साली आले. चेटकीण म्हणून जाळायला काढलेली एक बाई, आणि मला फाशी द्या म्हणून हटून बसलेला एक शिपाई. तिला मरायचे नाही आणि तिला सोडत नाहीत, त्याला मरायचे आहे आणि कुणी मनावर घेत नाही. पुढच्या वर्षी जॉन गिलगुड त्यात उभे राहिले, धाकट्या भूमिकेत कोवळा रिचर्ड बर्टन. मग दोन-चार वर्षे लंडनला फ्राय यांच्याशिवाय करमेना. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यांच्याकडून नाटक घेतले. एकाच सुमारास तीन-चार नाटके चालू.

"वृत्त कुठले?" बाब.

"ठरीव वृत्त नाही. सैल, बोलीच्या अंगाने जाणारे."

"यमक?"

"बहुधा नाही."

"पेटीवर कोण?"

"पेटी नव्हती, बाब."

"मग पडला असणार."

पडले खरे, पण पेटीमुळे नव्हे. १९५६ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात जॉन ऑस्बर्न यांचे 'लुक बॅक इन अँगर' आले. पडदा उघडतो तेव्हा बाई इस्त्री करत उभी आहे आणि नवरा चिडलेला आहे. झाले. इंग्लंडला साक्षात्कार झाला की रंगभूमीवर माणसे अशीच बोलली पाहिजेत, आणि ज्या समीक्षकांनी काल फ्राय यांच्या शब्दवैभवाला दाद दिली होती त्यांनाच ते शब्दबंबाळ वाटू लागले. फ्राय पुढे चित्रपटांकडे वळले. 'बेन-हर'चे संवाद त्यांनी रोममध्ये चित्रीकरणाच्या जागी राहून घडवले. ११ ऑस्करे मिळालेल्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत लेखक म्हणून त्यांचे नाव नाही. २००५ साली ९७व्या वर्षी ते वारले. म्हणजे फॅशन उलटल्यावर जवळजवळ पन्नास वर्षे जगले. याला मी वीरश्री म्हणतो.

हे ऐकून खजिनदार गप्प झाला, बाब मात्र मुळीच हादरले नाहीत. त्यांना त्यात धोक्याची सूचना दिसलीच नाही. "आपल्याकडे ऑस्बर्न आला तरी," ते शांतपणे म्हणाले, "जत्रा त्याच तिथीला येणार." मी तेव्हा हसलो होतो. नंतर वाटले, माणूस मुद्द्याचे बोलला. फ्राय यांना बाजाराने बोलावले होते, बाजाराने घालवले. बाबांना देवस्थान समिती बोलावते, आणि देवस्थान समिती लंडनची तर सोडाच, पणजीची परीक्षणेसुद्धा वाचत नाही.

त्या बैठकीतून बाबांनी एकच गोष्ट घरी नेली. १९८० च्या ऑक्टोबरात मार्गारेट थॅचर यांनी पक्षाच्या परिषदेत फ्राय यांच्या त्या नाटकाच्या नावातले 'बर्निंग' काढून 'टर्निंग' घातले आणि आपण धोरण फिरवणार नाही असे ठणकावले, ही. भाषण लिहून देणारे रोनाल्ड मिलर स्वतः नाटककार होते. नाटक मागे पडले, पण नाव पंतप्रधानांच्या तोंडी राहिले. तेव्हापासून आपलीही एखादी ओळ पुढाऱ्याने उचलावी, हा ध्यास बाबांनी घेतला.

तालमी देवळामागच्या खोलीत. इंग्रज अधिकारी म्हणून शिपयार्डातला वेल्डर, उंच आणि गोरा म्हणून. पोर्तुगीज गव्हर्नर म्हणून ज्याने पडद्याचा खर्च दिला त्याचा भाचा. मूळ संहितेत खलाशी चार होते, वर्गणी जमेल तसे ते वाढत गेले. शेवटी जहाज बुडाले ते भाराने, असे तबलजी म्हणायचा. कॅप्टनसाठी मात्र बाबांनी पेडण्याहून आपला बालमित्र आणला, पन्नास वर्षे दशावतारात राजा झालेला. आवाज असा की मायक बंद पडला तरी कुणाला कळू नये. बाबांनी त्याला भुजंगप्रयात शिकवायला घेतला. तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "समाजला रे. म्हणजे ह्यो गडी तापलेलो आसा, इतक्याच ना?"

प्रॉम्प्टर मी. गद्य नाटकात प्रॉम्प्टरने एक शब्द टाकला की नट वाक्य उचलतो. पद्यात अर्धा चरण निसटला की सगळी ओळ मागून गाडीसारखी रुळावरून उतरते, आणि विंगेत बाब छातीवर हात ठेवून खाली बसतात.

जत्रेच्या रात्री पालखी फिरली, मग पावणी. देवाच्या केळीच्या घडाची बोली चढत गेली आणि ती उतरेपर्यंत साडेबारा झाले. नांदीला बंदरातल्या एका जहाजाने भोंगा दिला, तो नेमका षड्जात होता, टाळ्या मिळाल्या. पहिला अंक बरा गेला. चटया टाकून बसलेल्या बायका मुलांना मांडीवर निजवून पाहत होत्या. दुसऱ्यात देव आला, लोकांनी हात जोडले. तिसऱ्या अंकात वेल्डर पिस्तूल रोखून डेकवर चढला आणि कॅप्टन त्याच्यासमोर छाती काढून उभा राहिला.

आणि विसरला.

मी 'बुडालो तरी' म्हटले. दोनदा म्हटले. त्याने विंगेकडे पाहिलेसुद्धा नाही. पन्नास वर्षांची सवय ती, ओठावर आले ते बोलून मोकळा झाला: "काय रे इंग्रजा, कार्निव्हलाच्या रातीक चोरासारको इलंस? माजी बोट व्हयी तुका? आदी बस, चाय घे, मगे काय ता बघूया."

वेल्डर बसला. त्याला दुसरे काही सुचेना. पुढची दहा मिनिटे जर्मनी आणि इंग्लंड चहा पीत बोटीच्या किमतीवर घासाघीस करत होते, आणि मागच्या रांगेतली झोपलेली माणसे उठून पुढे सरकत होती. शिट्ट्या, हशा, वन्स मोअर. गद्याला वन्स मोअर मी तेवढा एकच पाहिला. शेवटी बाबांनी स्वतः विंगेतून हात करून जहाज बुडवायला लावले.

शेजारी एक तियात्रिस्त राहतात, ते मुद्दाम आले होते. १८९२ साली लुकाझिन्यो रिबेर यांनी मुंबईत पहिला तियात्र केला. त्या परंपरेत पडद्यापडद्यांमध्ये कांतारां असतात, चटपटीत, यमकदार, कालच्या बातमीवरची. त्यांच्या प्रयोगाला बायण्याच्या रवींद्र भवनात लोक तिकीट काढून जातात. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "बाब, तुजें नाटक म्हाका समजना, पूण मायक बरो आसलो." बाब त्यांच्यावर रागावत नाहीत. "त्यांच्यात पडदा पडला की गाणे होते," ते मला म्हणाले, "आपल्यात गाणे झाले की पडदा पडतो. फरक एवढाच."

दशावतारी मित्राशी मात्र ते तीन महिने बोलले नाहीत. चौथ्या महिन्यात त्यांनी तो चहाचा प्रवेश संहितेत घेतला. कामदा वृत्तात.

आता एक गोष्ट, जी बाबांना मान्य नाही. त्या नाटकात खरी कविता एकाच जागी आहे. खारीवाड्यावरच्या एका बाईला भूमिका द्यायची होती, म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यांनी होडीवाल्याच्या बायकोला एक ओवी लिहून दिली, उभ्या उभ्या, पेरे न मोजता:

गेला दर्यावरी,
काळोख पाठीशी,
दिवा ह्या उशाशी
विझवेना

ही त्यांना भरतीची वाटते. वृत्त बाळबोध, अलंकार नाही, म्हणून पुस्तक छापताना गाळायची म्हणतात. मी तीच ओवी नंतर जेटीवर मासळी निवडणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली. नाटक कुणाचे हे तिला ठाऊक नव्हते. बाबांना सांगितले तर म्हणाले, "कॅप्टनचे पद नाही म्हणत कोणी?"

म्हणायला एकजण लागला. निवडणूक होती. एका पक्षाची जीप कर्णा लावून बोगद्याच्या चढावर ओरडत गेली: 'अरे विरोधकांनो, चला जा घराला!' आम्ही बाबांचे अभिनंदन करायला धावलो. थॅचरबाईंचा योग आला होता. बाब घरात नव्हते, ते तडक त्या पक्षाच्या कार्यालयात गेले होते. ओळ चोरली अशी तक्रार करतील म्हणून तिथल्या लोकांनी आधी खुर्ची दिली, थंड मागवले. बाबांनी थंड घेतले नाही. ओळ खुशाल वापरा म्हणाले, पण 'विरोधकांनो' तिथे बसत नाही, 'अरे'नंतर गुरू हवा आणि 'वि' लघू आहे. एकतर विरोधकांचे नाव बदला, नाहीतर इंग्रज राहू द्या. मतदानाच्या दोन दिवस आधी जीपने खरोखरच 'इंग्रजांनो' केले. सड्यावरच्या एका म्हातारीने, हे अजून गेले नाहीत का, असे विचारल्याचे मी स्वतः ऐकले.

पुस्तक अजून छापलेले नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा स्मरणिकेला पान-पान जाहिरात देणारे बार्जवाले आणि ट्रकवाले आटले, आणि गोव्यातल्या हौशी नाटकवाल्यांना लोहखनिजाचा कवितेशी काय संबंध असतो ते कळले. बाब निवृत्त झाले आहेत. बंगळुरूचा नातू सुट्टीत आला की त्याला मोबाइलवर संहिता टाइप करायला बसवतात. मोबाइल 'जलबाण'ला दर वेळी 'जलपान' करतो. वृत्त तेच राहते, त्यामुळे बाबांनी दोन ठिकाणी ते तसेच ठेवले आहे.

यंदा पुन्हा तेच नाटक लागणार आहे. पेडण्याचा कॅप्टन तयार आहे, चहाच्या प्रवेशासकट. एक इंग्रज अधिकारी, तीन खलाशी आणि पेटीवाला कमी आहेत. वेल्डर दुबईला गेला. वास्को-सडा परिसरात राहणाऱ्या कुणाला हौस असेल तर संध्याकाळी सातनंतर देवळामागच्या खोलीत यावे. गाता आले पाहिजे असे नाही. मिशी स्वतःची असल्यास उत्तम, आणि बाबांशी बोलताना गद्य जरा जपून वापरावे.